११,७६० रुपयांचा हिशोब

संक्रांतीच्या आठवड्यात, सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा यात्रेची गर्दी उसळलेली असताना, पोस्टमनने एक पाकीट हातात ठेवलं. वर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा शिक्का होता. आत माझं नाव 'सामनेवाले' म्हणून लिहिलेलं. बावीस वर्षं जुळे सोलापुरात राहते, कुणाचा रुपया ठेवून घेतला नाही, आणि मला कोर्टाच्या आवारातून बोलावणं! त्या दिवशी तिळगूळ वाटायलासुद्धा मी घराबाहेर पडले नाही.

अर्ज केला होता माझ्या मागच्या खोलीत चौदा महिने राहिलेल्या मुलाने. अक्कलकोट तालुक्यातला, घरात कन्नड बोलणारा, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. मला काकू म्हणायचा. आजारी पडला तेव्हा आठ दिवस त्याचा डबा माझ्या स्वयंपाकघरातून जात होता. म्हणून ते जास्तच लागलं.

मिस्टर गेल्यापासून या तीन खोल्यांच्या भाड्यावरच माझं घर चालतं. या मुलाचं भाडं ४,००० आणि डिपॉझिट १५,०००. ऑक्टोबरमध्ये आला तेव्हा शंभराच्या स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा करार करून नोटरी केली होती. ती मुदत ऑगस्टअखेर संपली. 'पुढं बघू' म्हणून दोघंही गप्प राहिलो. २० नोव्हेंबरला त्याने फोन केला, "काकू, पुण्याला नोकरी लागली, तीस तारखेला खोली सोडतो." तीस तारखेला तो गेला आणि मी वहीत कपात मांडली. नोटिशीच्या महिन्याचे ४,०००, तीन महिन्यांचं थकलेलं लाइट बिल २,७६०, रंगाचे ३,५००, मोडलेला नळ आणि दाराची कडी ९००, पाण्याच्या टँकरचे ६००. एकूण ११,७६०. बाकी ३,२४० त्याला पाठवले, तर ते त्याने परत पाठवले.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. त्याच्या वडिलांचा फोन आला, "ताई, पोराच्या घामाचा पैसा हाय, असं करू नका की." मी आवाज चढवला. ते पोलीस चौकीत गेले, तिथे त्यांना ही दिवाणी बाब आहे असं सांगून परत पाठवलं. माझ्याकडे सल्ला द्यायला गल्लीतले चारजण. कुणी म्हणालं, सामान अडवून ठेवायचं होतं. कुणी म्हणालं, पुढच्या वेळी पाणी तोडायचं. त्यांचं ऐकलं नाही हे नशीब. भाडेकरूचं पाणी किंवा वीज बंद करायला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये मनाई आहे, हे मला नंतर कळलं.

पाकिटातला कागद भाचीने नीट वाचून सांगितला. हा दावा नव्हता. दाखलपूर्व प्रकरण होतं, म्हणजे कोर्टात केस घालण्याआधी लोकअदालतीसमोर तडजोड होते का ते बघायचं. अर्जाला फी नाही. तडजोड झाली नाही तर दोघंही दाव्याला मोकळे. झाली तर मात्र तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तशी तरतूद केली आहे. हे ऐकल्यावर मी वही, बिलं, पावत्या, जे सापडेल ते पिशवीत भरलं.

मार्चमधल्या लोकअदालतीआधी फेब्रुवारीत पूर्वबैठक ठेवली होती. लांबट टेबल, एका बाजूला तो मुलगा आणि त्याचे वडील, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये पॅनेलवरच्या वकील मॅडम. मी आधीच ठरवून गेले होते की रागावून बोलायचं. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, नोंदणी केलेला करार आहे का?"

नोटरीचा कागद पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि शांतपणे सांगितलं की महाराष्ट्रात भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवावाच लागतो, महिने अकरा असोत की साठ. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट शाबीत होईपर्यंत. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. आमच्या भागात आजही सगळे तेच सांगतात. त्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती कोर्टाची नव्हती. मी ज्याला हक्क समजून भांडत होते, त्याला आधारच नव्हता.

मॅडमनी मला दोष दिला नाही. कोरा कागद घेतला, दोन रकाने पाडले आणि माझी एकेक कपात वाचत गेल्या. "ही कशावरून काढली?" एवढंच विचारायच्या.

नोटिशीचा महिना. अट होती की नव्हती, ते कागदावर कुठेच नव्हतं. मुलगा म्हणाला, ठरलंच नव्हतं. मी म्हणाले, तोंडी ठरलं होतं. मॅडमनी विचारलं, खोली रिकामी किती दिवस राहिली? १२ डिसेंबरला नवीन मुलगी आली होती. म्हणजे खरं नुकसान अकरा दिवसांचं, १,४६७ रुपये. मुलगा वडिलांकडे बघून 'बरं' म्हणाला. खरं तर इथेच भांडण निम्मं मिटलं. त्याचं म्हणणं असं होतं की काकूंना दुसरी भाडेकरू मिळाली आणि तरी माझ्याकडून महिन्याचं भाडं घेतलं, एकाच खोलीचे दोनदा पैसे. तो अकरा दिवसांचे द्यायला पहिल्यापासून तयार होता, आणि मी त्याला ते बोलूच दिलं नव्हतं.

लाइट बिलावर मात्र अर्धा तास गेला. सगळ्या घराला एकच मीटर, खोल्यांना सबमीटर, आणि मी सरसकट १२ रुपये युनिट घेत होते. हा दर आला कुठून? शेजारच्या बंगल्यात घेतात म्हणून. माझं म्हणणं खोटं नव्हतं. महावितरणचा दर पायरीपायरीने चढतो, ० ते १०० युनिटला एक, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, ३०१ च्या पुढे आणखी. चार चुली एका मीटरवर आल्या की वरच्या पायरीचे पैसे पडतात, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात कूलर लागले की विचारूच नका. पण मॅडमनी सप्टेंबर ते नोव्हेंबरची तिन्ही बिलं मागितली. स्थिर आकार वगैरे सगळं धरून एकूण ६,३९२ रुपये, युनिट ६८०. भागाकार केला तर ९ रुपये ४० पैसे. त्याचे युनिट २३०, म्हणजे २,१६२. मी २,७६० लावले होते. "बिलाला जेवढे पडले तेवढेच घ्यायचे, काकू," त्या म्हणाल्या. त्या मुलासमोर माझी मान वर होईना.

रंगाला तर मीच मागे सरले. ती खोली पाच वर्षांत रंगवली नव्हती. चौदा महिन्यांत भिंत मळते ती राहण्यामुळे, त्याचे पैसे भाड्यातच आले. पण त्याने एका भिंतीला खिळे ठोकून प्लॅस्टर उडवलं होतं, फोटो होता माझ्याकडे. तेवढ्या एका भिंतीचे ८०० त्याने कबूल केले. नळाची पावती ५४० ची निघाली, कडीची पावतीच नव्हती, ती सोडली. दोन टँकरपैकी एक डिसेंबरमध्ये आलेला, म्हणजे तो गेल्यावर. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, लाइन फुटली की टँकरशिवाय गत्यंतर नसतं, हे सोलापूरकराला सांगायला नको. १,२०० च्या टँकरचा चौथा हिस्सा ३००, तो राहिला.

बेरीज ५,२६९. परत द्यायचे ९,७३१.

मी पाणी मागून घेतलं. मुलाचे वडील म्हणाले, "वरचे एकतीस राहू द्या अक्का. पोरगं तुमच्याच हातचं जेवलंय." त्यांच्या तोंडी ताईची अक्का कधी झाली कळलं नाही. मी ९,७०० चा आकडा मान्य केला, आणि फोनवर आवाज चढवला त्याबद्दल त्यांची माफी मागितली.

मार्चच्या शनिवारी लोकअदालतीच्या पॅनेलसमोर तडजोडीचा कागद वाचून दाखवला. रक्कम, मोबाइलवरून पाठवल्याचा व्यवहार क्रमांक आणि 'यापुढे एकमेकांवर कसलाही दावा नाही' ही ओळ. दोघांच्या सह्या झाल्या. दहा मिनिटांचं काम. खोलीची एक किल्ली त्याच्याकडे राहिली होती, ती त्याने खिशातून काढून माझ्या हातात दिली.

डिसेंबरमध्ये आलेल्या मुलीचाही करार तोपर्यंत तोंडीच होता. त्याच महिन्यात ऑनलाइन नोंदवून घेतला. एजंट घरी मशीन घेऊन आला, आधार आणि अंगठा झाला. महानगरपालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, आणि मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांचं धरलेलं व्याज यांच्या ०.२५ टक्के, ते दोनशेच्या आतच आलं. एवढ्यासाठी मी इतकी वर्षं टाळत होते. करारात एक महिन्याची नोटीस लिहिली, लाइट बिल कसं काढायचं ते लिहिलं, भिंती-नळ-कड्यांचे फोटो तिच्यासमोर काढून तिच्याच मोबाइलवर पाठवले. दर महिन्याच्या १ तारखेला सबमीटरचं रीडिंग आम्ही दोघी मिळून बघतो आणि वहीत दोघींची सही होते.

एक गोष्ट मनात सलत होती. कडेच्या खोलीतली नर्सिंगची मुलगी सहा महिने तोच १२ रुपयांचा दर मुकाट्याने देत आली होती. तिने कधी विचारलं नाही. तिचे ४०० युनिट निघाले, दर युनिटला जादा घेतलेले २ रुपये ६० पैसे. १,०४० रुपये मी तिच्या एप्रिलच्या भाड्यातून वळते केले, आणि हिशोबाचा कागद तिच्या हातात दिला.