बंद खोलीतले सिनेमे : नोंदवहीतलं नवं पान

एकाच जागेत घडणारे सिनेमे ओळीने बघायचं ठरवलं, त्याला आता बराच काळ झाला. नियम ढोबळ आहे. कॅमेरा जवळपास सगळा वेळ एका खोलीत, एका गाडीत, एका पेटीत, जिथे कुठे असेल तिथेच मुक्कामाला हवा. मी काही अभ्यासक नाही. रात्री सगळं आटोपलं की दिवे घालवायचे, हेडफोन लावायचे आणि बघायचं. नाही रुचलं तर अर्ध्यात सोडायचं. मागच्या वेळी नुसती नावं लिहिली होती. या वेळी मतं लिहितोय, कारण एक गोष्ट डोक्यात घर करून बसली आहे: या प्रकारात खोलीपेक्षा दार महत्त्वाचं. हा माणूस उठून बाहेर का जात नाही, याचं उत्तर लेखकाकडे जितकं भक्कम, तितका सिनेमा भक्कम.

ज्यांनी हे सिनेमे पाहिले नसतील त्यांच्यासाठी: ‘द गिल्टी’चं गुपित फोडलेलं नाही. बाकीच्यांत थोडंफार कळेल.

सुरुवात अर्थात ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ने. 1957 सालचा, सिडनी ल्युमेटचा पहिलाच चित्रपट. खुनाच्या खटल्यात एक मुलगा दोषी की निर्दोष, हे ठरवायला एका खोलीत बसवलेले बारा ज्युरर, म्हणजे न्यायनिवाड्यासाठी निवडलेले साधे नागरिक. पूर्वी पाहिला होता, पण या वेळी संवाद सोडून छताकडे लक्ष ठेवलं. ल्युमेटने स्वतःच लिहून ठेवलंय की पहिला एक तृतीयांश हिस्सा त्याने डोळ्यांच्या पातळीच्या वरून टिपला, मधला डोळ्यांच्या पातळीवरून आणि शेवटचा खालून. लेन्सही हळूहळू लांब पल्ल्याच्या होत गेल्या. त्यामुळे सुरुवातीला प्रशस्त वाटणारी खोली शेवटी शेवटी अंगावर येते. भिंती पुढे सरकतात आणि माणसांच्या डोक्यावर छत दिसायला लागतं. हे माहीत असूनही बदल नेमका कधी होतो ते मला पकडता आलं नाही. चोरी इतकी सफाईदार आहे.

पण मला त्यात जास्त आवडतो तो सात नंबरचा ज्युरर. खिशात बेसबॉलच्या सामन्याची तिकिटं, सगळं लक्ष घड्याळाकडे. दाराला बाहेरून कुलूप आहे आणि ते उघडायचा एकच मार्ग, सगळ्यांचं एकमत. मग हा गडी चर्चेला कंटाळून मत फिरवतो आणि घड्याळं दुरुस्त करणारा अकरा नंबर त्याच्यावर असा काही उखडतो की बस. एखाद्याचा जीव जाणार की राहणार आणि तू सुटकेची घाई म्हणून बाजू बदलतोस? दिग्दर्शकाने अख्ख्या सिनेमाचा ताण तिथे त्या दारावर आणून ठेवलाय. आठ नंबरच्या हेन्री फोंडाचं कौतुक सगळेच करतात, मला हा प्रसंग त्याच्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा मोठा वाटतो.

त्याला जोडून त्याचीच हिंदी आवृत्ती, बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ (1986). आपल्याकडे तोवर ज्युरी उरलीच नव्हती. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती पुरती निकालात काढली होती. तरी पाचेक मिनिटांत तो आक्षेप विसरायला होतं. जवळजवळ प्रसंगाला प्रसंग तोच, पण आवाजाची पट्टी वरची. तरुण मुलावर जळणारा बाप रंगवणारे पंकज कपूर तेव्हा तिशी नुकतीच ओलांडलेले, आणि सगळ्यांत म्हातारा ज्युरर झालेले अन्नू कपूर तर जेमतेम तिशीचे. अन्नू कपूरचं म्हातारपण कुठे कुठे रंगमंचावरचं वाटतं. पंकज कपूर मात्र शेवटच्या दहा मिनिटांत असे कोसळतात की मला मूळ सिनेमातला ली जे. कॉब थोडा फिका वाटला. यावर भांडायला मी तयार आहे.

हिचकॉकचे दोन बघितले, पाठोपाठ. ‘रोप’ (1948) तंत्राची करामत म्हणून थोर. रिळात साधारण दहा मिनिटांचीच फिल्म मावायची, म्हणून तितके लांबलचक शॉट; कॅमेऱ्याला वाट मिळावी म्हणून भिंती चाकांवर; आणि खिडकीबाहेरचं रंगवलेलं न्यूयॉर्क संध्याकाळीतून रात्रीत जाणारं. दोन तरुण मित्राचा खून करतात, प्रेत पेटीत ठेवतात आणि त्याच पेटीवर खाणं मांडून मेजवानी देतात. कल्पना भयंकर आहे. पण दर थोड्या वेळाने कॅमेरा कुणाच्या तरी पाठीवर जाऊन आदळतो, कोटाचं काळं कापड पडदाभर पसरतं आणि कळतं की इथे जोड लपवलाय. त्यापेक्षा सरळ कट परवडला असता, आणि गंमत म्हणजे त्याने काही ठिकाणी तो दिलाही आहे. सिनेमा बघताना मी सिनेमा कसा केला एवढंच बघत राहिलो.

‘रिअर विंडो’ (1954) त्याच्या उलट. पाय प्लास्टरमध्ये अडकलेला छायाचित्रकार, समोरचं अंगण, आणि अंगणापलीकडच्या खिडक्या. संगीत म्हणून जे काही ऐकू येतं ते बहुतेक शेजाऱ्यांच्या घरांतूनच येतं: कुणाचा पियानो, कुणाचा रेडिओ. हेडफोनवर हा सिनेमा वेगळाच लागतो. आवाज किती दुरून येतोय यावरून अंगणाचा आकार कळतो. कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ नायकाच्या घरात अडकलेला असतो, पण कुत्रा मेलेला सापडतो तेव्हा तो एकदम अंगणात उतरतो. आपण पहिल्यांदाच शेजाऱ्यांच्या इतक्या जवळ जातो, बाई किंचाळत सगळ्यांना दोष देत असते, आणि ज्या शेजाऱ्यावर खुनाचा संशय आहे त्याची खिडकी तेवढी अंधारी राहते. आत फक्त सिगारेटचं टोक लाल होतं. नियम मोडावा तर असा, एकदाच आणि कारण असताना.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो. स्टीव्हन नाइटचा ‘लॉक’ (2013). पडद्यावर टॉम हार्डी एकटा, बर्मिंगहॅमहून लंडनकडे रात्री गाडी चालवतोय, फोनवर बोलतोय. पाऊण-एक तास उलटला तरी गाडीबाहेर कुणी भेटत नाही, आणि भेटणारही नाही. आयव्हन लॉक हा बांधकामावरचा मुख्य माणूस. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या साइटवर काँक्रीटची प्रचंड भरणी आहे. आणि हा निघालाय इस्पितळात, एकाच रात्रीच्या संबंधातून होणाऱ्या मुलाच्या जन्मासाठी. बायकोला फोनवर सांगतो. मुलं घरी सामना बघायला वाट बघत असतात. नोकरी वाटेतच जाते.

दार? दार तर उघडंच आहे. दर काही मैलांवर बाहेर पडायला फाटा आहे, गाडी वळवली की प्रश्न मिटला. तो वळवत नाही, कारण त्याचा स्वतःचा बाप त्याच्या जन्माच्या वेळी नव्हता. मागच्या रिकाम्या सीटवर तो मेलेला बाप बसलाय असं समजून आरशात बघत त्याला शिव्या घालतो. हा एकच भाग मला जरा समजावून सांगितल्यासारखा वाटला. बाकी सगळं नेमकं. नोकरी गेल्यावरही तो हाताखालच्या घाबरलेल्या माणसाकडून फोनवरून भरणीची तयारी करून घेत राहतो: मिश्रण तपास, सळ्या तपास, रस्ता बंद ठेवायची परवानगी पक्की कर. मला काँक्रीटमधलं ओ की ठो कळत नाही, पण सगळ्यांत जास्त धाकधूक तिथे झाली. घर मोडतंय ते त्याच्या हातात उरलेलं नाही; इमारत अजून आहे, म्हणून तो तिला धरून बसलाय.

चित्रण कसं केलं तेही मस्त आहे. हार्डी खरोखर रस्त्यावर, गाडी एका वाहक ट्रॉलीवर चढवलेली, आणि ऑलिव्हिया कोलमन, रूथ विल्सन, अँड्र्यू स्कॉट वगैरे मंडळी एका हॉटेलात बसून त्याला खरेखुरे फोन लावतायत. त्यामुळे उत्तरं देताना त्याला समोरच्याच्या श्वासाची वाट बघावी लागते, आणि ते दिसतं. हार्डीला त्या वेळी सर्दी झाली होती, तीही पात्राला देऊन टाकली. नाक पुसत पुसत संसार मोडणारा माणूस त्यामुळे जास्त खरा वाटतो.

फोनवरचाच दुसरा, ‘द गिल्टी’, दोन्ही पाहिले. मूळचा डॅनिश, 2018 सालचा, गुस्ताव मोलरचा. चौकशी सुरू असल्यामुळे आपत्कालीन फोन घ्यायला बसवलेला पोलीस, आणि पळवून नेल्या जाणाऱ्या बाईचा फोन. त्याची पाळी संपते, घरी जायला मोकळा असतो. जात नाही, शेजारच्या खोलीत जाऊन पट्ट्यांचे पडदे ओढून घेतो आणि फोन चालूच ठेवतो. स्वतःला कोंडून घेतो म्हणा ना. का, ते हळूहळू उलगडतं. आवाजांची कामगिरी अशी की वायपरच्या घासण्यावरून मला व्हॅन दिसली, आणि एका घरातला अंधार तर नुसत्या पावलांवरून.

2021 सालच्या अमेरिकन आवृत्तीत जेक जिलेनहाल आहे, भिंतीवरच्या पडद्यांवर वणवा पेटलाय, तो धापा टाकतो, ओरडतो. वाईट नाही. पण कानावर विश्वास ठेवायचं धाडस तिथे कमी पडलंय. डॅनिश नट याकोब सेडरग्रेन चेहऱ्यावर जवळजवळ काहीच करत नाही, त्यामुळे जे काही करायचं ते आपल्याला करावं लागतं. एकच बघायचा असेल तर मूळचा बघा, सबटायटलचा कंटाळा करू नका.

जिथे कुलूप निव्वळ बाहेरून आहे ते सिनेमे माझ्या लेखी अर्ध्या वाटेवर दमतात. ‘बरीड’मध्ये (2010) रायन रेनॉल्ड्स सगळा वेळ इराकमध्ये जमिनीखाली पुरलेल्या शवपेटीत, लायटर आणि मोबाइल घेऊन. पहिला अर्धा तास श्वास अडकतो. मग साप येतो. साप कशाला? पेटी पुरेशी नव्हती का? त्यातला सर्वांत थंड आणि सर्वांत भयंकर प्रसंग म्हणजे कंपनीचा माणूस फोनवर शांतपणे त्याला कामावरून काढल्याचं कळवतो तो. असं आणखी हवं होतं.

विक्रमादित्य मोटवानेच्या ‘ट्रॅप्ड’मध्येही तेच थोडंसं. रिकाम्या टॉवरमध्ये, उंचावरच्या फ्लॅटमध्ये अडकलेला राजकुमार राव. पाणी नाही, वीज नाही, खाली पसरलेली मुंबई आणि ऐकू कमी येणारा वॉचमन. एवढ्या मोठ्या शहराला एका माणसाची हाक पोचत नाही, हे पहिल्या भागात जबरदस्त आलंय. पुढे युक्त्यांची मालिका होते, एक फसली की दुसरी. राजकुमार रावने ती खेचून नेली हे खरं.

‘यादें’ (1964) कुणी बघितलाय? सुनील दत्त निर्माता, दिग्दर्शक आणि पडद्यावर एकटाच नट. घरी येतो तर बायको-मुलं नाहीत. सोडून गेले या समजुतीने रात्रभर घराशी, वस्तूंशी, आठवणींशी बोलत बसतो. नर्गिसचा आवाज येतो आणि शेवटी सावली दिसते. खरं सांगायचं तर स्वगतं फार ताणलीत, आणि जिथे गप्प बसायला हवं तिथे तो बोलतो. तरी पार्टीच्या प्रसंगात पाहुणे म्हणून चेहरे काढलेले फुगे उभे केलेत, ते बघून मी थक्क झालो. मुख्य धारेतला लोकप्रिय नायक 1964 साली असला प्रकार स्वतःच्या पैशाने करतो, याला काय म्हणावं.

आणि मग इराणी दिग्दर्शक जाफर पनाही, जो माझ्या वरच्या सगळ्या दार-कुलूप सिद्धांताला जुमानत नाही. डिसेंबर 2010 मध्ये इराणी न्यायालयाने त्याला सहा वर्षांची कैद आणि वीस वर्षं चित्रपट बनवायला बंदी अशी शिक्षा सुनावली. अपिलाचा निकाल येईपर्यंत तो घरात. त्या घरातल्या एका दिवसाचा ‘धिस इज नॉट अ फिल्म’, 2011 सालचा. कुलूप पूर्णपणे बाहेरचं, सरकारचं. तरी एक क्षण दमलेला नाही.

चित्रपट करायला बंदी, पण पटकथा वाचून दाखवायला तर नाही ना? म्हणून तो गालिच्यावर चिकटपट्ट्या लावून खोली आखतो: इथे पलंग, इथे खिडकी, इथे जिना. पटकथाही कुणाची, तर विद्यापीठात कला शिकायला जाऊ नये म्हणून घरच्यांनी कोंडून ठेवलेल्या मुलीची. रंगात येऊन सांगता सांगता मध्येच थांबतो. सांगूनच भागत असेल तर सिनेमा करायचा कशाला, या अर्थाचं काहीतरी बोलतो आणि बाल्कनीत जातो. मग घरात पाळलेली इग्वाना, म्हणजे मोठी पाल, पुस्तकांच्या कपाटावर चढत राहते, आणि मी तिच्याकडेच बराच वेळ बघत बसलो. शेवटी कचरा न्यायला आलेल्या विद्यार्थ्याबरोबर लिफ्टमधून तो खाली जातो, मजल्यामजल्यावर थांबत. फाटकापलीकडे सणाच्या जाळाचा उजेड. तो मुलगा त्याला बजावतो, बाहेर येऊ नका, कॅमेऱ्यासकट बघतील. केकमध्ये लपवलेल्या पेन ड्राइव्हवरून हा सिनेमा फ्रान्समधल्या कान महोत्सवाला पोचला असं सांगतात. ते बाजूला ठेवलं तरी तो फाटकाचा शॉट या यादीतला मला सर्वांत भारी वाटलेला शॉट आहे.

त्यानंतर त्याचाच ‘टॅक्सी’ (2015) बघितला. स्वतः चालक होऊन तेहरानमध्ये फिरतो, कॅमेरा डॅशबोर्डवर. बर्लिनच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तो घ्यायला त्याची छोटी भाची गेली. हलकाफुलका आहे, भाची धमाल आहे. पण घरातल्याइतका तो मला चटका लावून गेला नाही.

पुढचं: ‘दास बोट’. पाणबुडी आहे, म्हणजे दाराचा प्रश्न वेगळ्याच पातळीवर. 1981 साली प्रदर्शित झालेला अडीच तासांचा आणि 1997 सालचा साडेतीन तासांचा, यात मी लांबच घेणार. कंटाळा हाच त्या नोकरीचा मोठा भाग असेल तर तो कापलेला कशाला बघायचा. त्याच्या मागे सत्यदेव दुबेंचा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1971). तेंडुलकरांच्या नाटकात बेणारे बाई निघून जायला दाराशी जातात आणि कडी बाहेरून लागलेली असते. सिनेमात ते कसं घेतलंय हे बघायचंय. कुणी दोन्ही पाहिले असतील तर आधी सांगू नका.