टायटलवरचं एक अक्षर

मी न्यू जर्सीत गाड्या परदेशी पाठवणाऱ्या एका ऑफिसात कागदपत्रांचं काम बघते. जुनी गाडी विकताना लोक इंजिन, रंग, गंज सगळं तपासून घेतात आणि टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा सरकारी कागद, मात्र अगदी शेवटी कपाटातून काढतात, तसंच या केसमध्ये झालं.

गाडी 1967 ची फोर्ड मस्टँग. मालक वारलेले, त्यांच्या मिसेस ऐंशीच्या घरातल्या, घेणारा जर्मनीत ब्रेमेनचा, ॲडव्हान्स देऊन बसलेला. टायटल नवऱ्याच्याच नावावर होतं पण त्याचं काही नाही, मृत्युपत्रात बाईच एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्या, आणि सरोगेट कोर्टाचा, म्हणजे मृत्युपत्रं बघणाऱ्या कोर्टाचा, तसा दाखला त्यांनी काढून ठेवलेला.

घोळ निघाला व्हिनमध्ये, म्हणजे गाडीच्या ओळख नंबरात. 17 अक्षरी व्हिन 1981 पासूनचा, हिचा 11 अक्षरी. बॉनेट उघडून फेंडरच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर टॉर्च मारून वाचला: 7, टी, 01, सी, पुढे सहा आकडे. 7 म्हणजे 1967, टी म्हणजे फोर्डचा मेटुचेन प्लांट, जो होता आपल्या एडिसनमध्येच, जिथे आज इतकी मराठी कुटुंबं राहतात! आणि टायटलवर टी च्या जागी चक्क 1 टाईप केलेला.

कस्टम्सला ओरिजिनल टायटल आणि गाडी दोन्ही निदान 72 तास आधी पोर्टवर दाखवावी लागतात आणि नंबर जुळला नाही की गाडी चोरीची तर नाही ना इथपासून सुरुवात. बाईंचा चेहराच पडला, "अहो आम्ही शोरूममधून नवी घेतली होती, चोरीची कशी असेल?" मला फार वाईट वाटलं. तिकडून गिऱ्हाईक म्हणतोय नुसत्या बिल ऑफ सेलवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, पाठवा, मी म्हटलं अजिबात नाही, 30 वर्षांवरची ओरिजिनल गाडी म्हणून तुम्हाला तिकडे ड्युटी माफ आणि व्हॅट 7 टक्के मिळणार, तेव्हाही हेच कागद बघतील.

मग नंबरवर कागद धरून पेन्सिलने ठसा घेतला, फोटो काढले, दाखला जोडला आणि टायटल दुरुस्तीला दिलं. बुकिंग पुढे ढकलावं लागलं, पण दुरुस्त टायटल आलं आणि कस्टम्समधून गाडी सुटली.

कंटेनर भरल्यावर बाईंना फोन केला तर त्या पैशांचं काही बोलल्याच नाहीत, म्हणाल्या त्याला सांग, थंड इंजिन सुरू करण्याआधी ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडायचा, मग चावी. ब्रेमेनच्या ईमेलमध्ये मी तेच सगळ्यात वर लिहिलं, बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर माल चढवल्याची पावती, त्याच्याखाली.