तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्हीवर कोर्ट लागलं की मी का उठतो

लग्नात, साताऱ्याच्या पोवई नाक्यावर चहा पिताना, परवा तर दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो तिथंसुद्धा हेच. वकीलसाहेब, कोर्टाची सिरीयल लागली की तुम्ही उठून का जाता, करमणूक आहे ती, एवढं काय मनावर घ्यायचं?

चुका काढायचा मला शौक नाही. आपल्याकडं जज्जसाहेब लाकडी हातोडा आपटत नाहीत, साक्षीदाराच्या हाताखाली गीता नसते, १९६९ च्या शपथ कायद्यात ईश्वराला स्मरून किंवा प्रतिज्ञेवर खरं सांगेन एवढंच आहे. दाखवू देत, त्यानं काही बिघडत नाही. १९९८ ला सीआयडी सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो, त्या वेडापायीच लॉला गेलो. तिथं कळलं की पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध चालतच नाही, साक्ष कायद्याचं कलम २५, १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात २३. तरी मित्रांशी भांडायचो, की लोकांना खरं खोटं कळतं, आणि खरं कोर्ट दाखवलं तर पुकारा, साक्षीदार गैरहजर, पुढची तारीख, हे कोण बघणार? हे मला आजही पटतं.

पण ती बाई.

कोरेगाव तालुक्यातली केस, बांधावरून भांडण, रात्री मागून कोयता मारलेला, कलम ३२६, म्हणजे घातक हत्यारानं गंभीर दुखापत. मी आरोपीकडून. जखमीनं मारणारा बघितलाच नव्हता, बघितलं होतं त्याच्या बायकोनं. पोलीस जबाबात तिनं सांगितलेलं की अंधारात तोंड दिसलं नाही, पण पळताना डावा पाय ओढत होता त्यावरून ओळखलं, वीस वर्षं एकाच आळीत राहतो. चालण्यावरून ओळख म्हणजे तसा कच्चाच पुरावा, पण सांगते खरं हे ऐकणाऱ्याला जाणवतं. मला भीती होती ती त्या पायाची.

सरतपासात, म्हणजे सरकारी वकील आपल्याच साक्षीदाराला आधी प्रश्न विचारतात तेव्हा, ती उभी राहिली आणि आरोपीकडं बोट करून म्हणाली, मी बॅटरी मारली, यानं वळून बघितलं आणि म्हणाला आता कळलं का. आवाजसुद्धा वेगळा लावलेला. पायाचा विषयच नाही. सरकारी वकिलांनी दोनदा तिला तिकडं वळवायचा प्रयत्न केला, पण आपल्याच साक्षीदाराला सूचक, म्हणजे उत्तर तोंडात घालणारा प्रश्न विचारता येत नाही आणि मी हरकत घ्यायला टपलेलोच होतो. मग माझा उलटतपास, दहा मिनिटं पण नाही. हे पोलिसांना सांगितलं होतं का? होय. मग जबाबात का नाही? ती गप्प. नंतर नाही म्हणून मान हलवली, आणि साहेबांनी टायपिस्टला सांगितलं, आमच्याकडं रोज पडतं ते वाक्य: "जबाबात असा मजकूर का लिहिला नाही याचे कारण मला सांगता येणार नाही."

आरोपी सुटला. बाहेर ती स्वतःहून माझ्याजवळ आली, भांडायला नाही. म्हणाली, "वकीलसाहेब, पोरगं म्हणलं आई, नुसतं पायावरनं वळखलं म्हणलीस तर कोण इश्वास ठेवंल, टीव्हीत कशी ठासून सांगत्यात तसं सांग." मी काय बोलणार, घड्याळ बघितलं.

दोष सिरीयलचा, का पोराचा, का माझा? माझं काम मी केलं आणि ते चुकीचं नव्हतं, उद्या तशीच केस आली तर तेच प्रश्न विचारीन. कधी वाटतं टीव्ही नसता तरी तिनं भीतीनं काहीतरी जोडलंच असतं. कधी वाटतं, नसतंच जोडलं.

संध्याकाळी अशील पेढे घेऊन आला. ऑफिसचा जिना लाकडी आहे. दार उघडायच्या आत मला कळलं कोण आलंय.

घरी आई बघते त्या सिरीयल, तिला मी बंद कर म्हणत नाही. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून मोठ्यानं बोलायला लागला की मी आत जातो.