तुम्ही विचारलंत म्हणून : भाजीच्या देठांचे खत आणि चवळीच्या मुळांवरील गाठी

भाजी निवडून उरलेल्या देठांचे आणि सालींचे खत चवळीला किंवा घेवड्याला घालावे का, आणि ते घातल्यावर वेल हिरवागार होऊनही शेंगा का धरत नाहीत, हे दोन प्रश्न मला दर पावसाळ्यात विचारले जातात. पहिल्याचे उत्तर 'जरूर घालावे' असेच आहे. दुसऱ्याचे कारण बहुधा ते खत घालण्याच्या पद्धतीत असते.

परसातल्या वाफ्यात मी पहिल्यांदा चवळी लावली, तेव्हा सालींचे मिक्सरमधून काढलेले पाणी दर आठवड्याला बुंध्याशी ओतत असे. पाने भरघोस आली, फुले मात्र तुरळकच. त्या वेळी एक वेल उपटून पाहिला, तर मुळांवर मोजक्याच गाठी होत्या आणि नखाने फोडल्यावर त्या आतून पांढरट निघाल्या. नीट काम करणारी गाठ आतून गुलाबी असते, कारण तिच्यात आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या जातीचे द्रव्य असते. या गाठींमध्ये रायझोबियम जिवाणू राहतात. ते हवेतील नत्र (नायट्रोजन) वेलाला देतात आणि त्याच्या बदल्यात वेल त्यांना साखर पुरवतो. मातीतच नत्र मुबलक मिळू लागले, की वेल ही साखर खर्च करीत नाही, गाठी धरत नाहीत आणि सगळा जोर पाल्यावर जातो. तुरीसाठी हेक्टरी २५ किलो नत्र आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ५० किलो स्फुरद (फॉस्फरस), अशी जी शिफारस केली जाते, तिच्यामागेही हेच कारण आहे.

म्हणून कडधान्यवर्गाला ताजा ओला कचरा किंवा त्याचे पाणी देऊ नये, पूर्ण कुजलेले खत द्यावे, आणि तेही पेरणीपूर्वीच. मी छिद्रे पाडलेल्या ड्रममध्ये ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट वाळलेला पालापाचोळा घालते, विरजण म्हणून थोडा शेणकाला शिंपडते आणि आठवड्यातून एकदा ढवळते. अडीच-तीन महिन्यांनी खत काळसर, भुसभुशीत आणि थंड झाले, पावसानंतरच्या मातीसारखा वास येऊ लागला, की ते दर चौरस फुटाला एक ओंजळ या हिशेबाने वरच्या मातीत मिसळते. या खतातून पालाश (पोटॅशियम) चांगले मिळते, स्फुरद कमी. परंतु त्याचा खरा लाभ असा, की माती मोकळी होते आणि गाठींना हवा मिळते. नव्या जागी पेरताना बियाण्याला रायझोबियमचे संवर्धक, म्हणजे या जिवाणूंचे खत, चोळावे, किलोला २५ ग्रॅम, आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरावे.

घेवड्याची गोष्ट थोडी निराळी आहे. चवळी, मूग, उडीद आणि तूर स्वतःचे नत्र बऱ्यापैकी मिळवतात. श्रावणघेवडा आणि राजमा या कामात दुबळे असतात, त्यामुळे त्यांना फुले येण्याआधी आणखी एक ओंजळ खत द्यायला हरकत नाही.

हंगाम संपला, की वेल मुळासकट उपटू नये, जमिनीलगत कापावा. मुळे मातीतच कुजू द्यावीत, म्हणजे त्यांतील नत्र पुढच्या मेथीला किंवा पालकाला मिळते. कापलेला वेल मी बारीक तोडून पुन्हा त्याच ड्रममध्ये टाकते.