जुलैच्या रकान्यात चारच आकडे

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय मिळाला: उपग्रहाने मोजलेल्या ओझोनची जमिनीवरच्या मोजणीशी पडताळणी. मला वाटलं, दोन फाइली उतरवायच्या, तारखा जुळवायच्या, वजाबाकी करायची, झालं. पंधरा दिवसांचं काम. चार महिने लागले.

डोक्यावरच्या हवेतला सगळा ओझोन गोळा करून शून्य अंश तापमानात, समुद्रसपाटीच्या दाबाखाली पसरला, तर जेमतेम तीन मिलिमीटरचा थर होतो. त्याला म्हणायचं 300 डॉब्सन युनिट. आपल्याकडे भरतो त्याहून कमीच. हिवाळ्यात 250च्या आसपास, उन्हाळ्यात थोडा वर. वर्षभराची चढउतारच काही दहा युनिटांची, त्यामुळे पाच युनिटांची चूकसुद्धा डोळ्यांवर येते.

जमिनीवरची आकडेवारी टोरांटोच्या जागतिक ओझोन डेटा केंद्रातून घेतली. मोजणी झाली ते केंद्र भारताबाहेरचं, पण आपल्यासारखंच पावसाळी. नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे कळेल का. तिथे डॉब्सनचं यंत्र आहे. 1920च्या दशकातली कल्पना, अजून चालू. सूर्याच्या अतिनील प्रकाशातल्या तरंगलांबींच्या जोड्या घ्यायच्या, एक ओझोन जास्त शोषतो ती, एक कमी शोषतो ती, आणि दोन्हींच्या गुणोत्तरावरून ओझोन काढायचा. उपग्रहाच्या बाजूने नासाच्या ऑरा उपग्रहावरचा ओझोन मोजणारा ओएमआय घेतला. ऑरा जुलै 2004मध्ये वर गेला, दुपारी पावणेदोनच्या सुमारास डोक्यावरून जायचा. तो हवेतून आणि ढगांवरून परत फिरलेला प्रकाश वरून बघतो.

पहिला ग्राफ काढला तो थेट हसण्यासारखा. रिकाम्या जागी भरलेले उणे 999 मी सरासरीत धरले होते. हे प्रत्येकाचं एकदा होतं म्हणतात. मग वेळेचा घोळ: उपग्रहाची वेळ ग्रिनिचची, केंद्राच्या नोंदीतल्या काही स्थानिक. दोन दिवस त्यात गेले आणि फरक जवळपास काहीच पडला नाही, कारण उष्ण कटिबंधात ओझोन दिवसभरात फारसा हलत नाही. ते दोन दिवस मला अजून सलतात.

खरी अडचण पावसाळ्यात निघाली. डॉब्सनच्या प्रत्येक नोंदीपुढे एक खूण असते: डीएस म्हणजे थेट सूर्याकडे रोखून, झेडबी म्हणजे माथ्यावरच्या निळ्या आकाशाकडे, झेडसी म्हणजे माथ्यावरच्या ढगाळ आकाशाकडे. मी तिन्ही एकत्र ढकलले होते. माथ्याकडे बघून घेतलेला आकडा मुळात तक्त्यांच्या आधाराने काढलेला असतो, त्यात चूक जास्त. फक्त डीएस ठेवले आणि ठिपके छान आवळून आले, पण एका वर्षाच्या जुलैच्या रकान्यात चारच आकडे उरले. उपग्रहाचीही तीच गत. ढगाखालचा ओझोन त्याला दिसत नाही, तिथे तो नेहमीच्या सरासरीतून अंदाज भरतो. म्हणजे ज्या दिवसांत उपग्रहाची परीक्षा घ्यायला हवी, नेमके त्याच दिवसांत परीक्षक रजेवर. ऊन असलेल्या दिवशी दोघं जुळतात यात नवल ते काय?

अंतराचंही तसंच. ओएमआयचा एक चौकोन, म्हणजे एका मोजणीत येणारी जमीन, थेट खाली 13 बाय 24 किलोमीटरचा, पट्ट्याच्या कडेला खूप रुंद. त्यात 2007पासून या चौकोनांच्या काही ओळी खराब झाल्या आणि 2009मध्ये ते आणखी पसरलं. त्या ओळी गाळल्या की काही दिवशी जवळचा चौकोनच हाती लागत नाही. मी 50 किलोमीटरची मर्यादा घातली आणि गेलेल्या दिवसांवर पाणी सोडलं.

एवढं केल्यावर सरासरी फरक एक टक्क्याच्या आत आला. प्रसिद्ध तुलनांमध्येही साधारण एवढाच दिसतो, म्हणून मी खूश. माझ्या गाइड मॅडमनी मात्र सरासरी बघितलीच नाही. म्हणाल्या, "फरक तारखेप्रमाणे मांड." मांडला, तर मध्येच एक पायरी. एका महिन्यापासून उपग्रहाचे आकडे जमिनीच्या तुलनेत अचानक वर गेलेले, आणि तिथेच राहिलेले.

मी लगेच लिहून टाकलं की ओएमआय सरकला. मॅडमनी वही बाजूला ठेवली आणि 1985ची गोष्ट काढली. अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्रावरच्या डॉब्सनने तिथला ओझोन ऑक्टोबरमध्ये कोसळतोय हे दाखवलं, ती तर सगळ्यांना ठाऊक. निम्बस-7 या उपग्रहालाही 180 युनिटांखालचे आकडे दिसत होते, पण ते संशयित म्हणून बाजूला निघत होते. ते खरे की खोटे हे बघायला दक्षिण ध्रुवावरच्या डॉब्सनशी ताडले, तर तो सांगत होता 300च्या आसपास. आणि चूक त्या डॉब्सनचीच होती.

मग तिसरा साक्षीदार आणला. 2011मध्ये गेलेल्या सुओमी एनपीपी या उपग्रहावर ओम्प्स आहे, तोही ओझोन मोजणारा. ओएमआय आणि ओम्प्स आपापसात सरळ रेषेत चालले होते. जमिनीशी तुलना केली की दोघांनाही त्याच महिन्यात तीच पायरी. दोन वेगळे उपग्रह एकाच वेळी, तेवढेच सरकतील हे पटेना.

केंद्राला मेल लिहिताना शब्द शोधत अर्धा दिवस गेला. वीसेक वर्षं रोज यंत्र चालवणाऱ्या माणसाला विद्यार्थ्याने कसं विचारायचं? उत्तर चौथ्या दिवशी आलं, अगदी साधं. त्या महिन्यात यंत्राची प्रमाणित डॉब्सनशी तुलना होऊन ओझोन काढायच्या गणितातले स्थिरांक बदलले होते. आधीच्या नोंदी नव्या स्थिरांकांनी पुन्हा काढायच्या राहिल्या होत्या. सोबत नव्या आणि जुन्या स्थिरांकांचा तक्ताही जोडला होता, न मागता.

जुने आकडे मी त्या तक्त्यावरून दुरुस्त केले. पायरी बरीचशी बुजली, पूर्ण नाही. प्रबंध बांधायला देण्याच्या आदल्या रात्री मुखपृष्ठावरचा 'पडताळणी' शब्द खोडून तिथे 'तुलना' लिहिला. बाइंडिंगवाल्याने त्याचे जादा पैसे लावले.