इंटरकूलरचे कूलंट घरी बदलताना

सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) असलेल्या गाडीत इंजिनाच्या कूलंटकडे सगळ्यांचे लक्ष असते. ही दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे कूलंट मात्र वर्षानुवर्षे तसेच राहते, कारण ते खराब झाले तरी डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा जागचा हलत नाही. माझ्याही गाडीत तसेच झाले होते. सकाळी गाडी छान पळायची आणि दुपारच्या उन्हात एखादा लांब चढ लागला की तिची ताकद कमी पडायची, म्हणून अखेर हे काम मी घरीच हाती घेतले.

सुपरचार्जर हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. जोर लावला असताना तिचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाऊ शकते. अशी हवा सिलिंडरमध्ये गेली तर नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी भडकून ठोके बसण्याचा, धोका वाढतो, आणि ते टाळण्यासाठी ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) ठिणगी उशिरा देऊ लागतो, म्हणजेच ताकद कमी करतो. इंटरकूलरमधले कूलंट ही उष्णता शोषून घेते आणि विजेवर चालणारा एक छोटा पंप ते गाडीच्या तोंडाशी असलेल्या स्वतंत्र रेडिएटरकडे नेतो. काही गाड्यांत ही व्यवस्था इंजिनाच्या कूलंटला जोडलेली असते. तेव्हा मॅन्युअल वाचल्याशिवाय कोणताही होज (रबरी नळी) सोडू नये.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मी इंटरकूलरच्या कूलंटच्या टाकीचे झाकण काढले, छोट्या रेडिएटरच्या खालच्या होजचा क्लॅम्प पकडीने सैल केला आणि खाली खुणा केलेले पांढरे टब ठेवले. मूळचे गुलाबी कूलंट मळक्या तांबूस रंगाचे झाले होते आणि टबाच्या तळाशी बसलेला गाळ बोटांत चोळला तर बुळबुळीत लागत होता. पूर्वी कोणीतरी न जुळणाऱ्या प्रकारचे कूलंट वरून ओतले असावे, असे मला वाटते. रंग सारखा दिसला म्हणून प्रकार सारखाच असतो असे नाही. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरी ते चाटतात, म्हणून टब लगेच झाकले आणि जुने कूलंट गटारात न ओतता कॅनमध्ये भरून ठेवले.

धुण्यासाठी मी फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरले, कारण नळाच्या पाण्यातले क्षार इंटरकूलरच्या बारीक नळ्यांत साचतात. प्रत्येक वेळी पाणी भरायचे, पंप काही मिनिटे चालवायचा आणि पाणी काढून टाकायचे. पाचव्या खेपेला ते स्वच्छ आले. पंप कोरडा मात्र कधीही चालवू नये, कारण त्याला वंगण आणि थंडावा कूलंटकडूनच मिळतो.

येथे एक हिशेब चुकण्याची दाट शक्यता असते. शेवटचे पाणी काढल्यावरही इंटरकूलरमध्ये आणि होजच्या वळणांत बरेच पाणी उरते, त्यामुळे कूलंट आणि पाण्याचे अर्धे-अर्धे तयार मिश्रण ओतले तर आत ते पातळ होते. म्हणून मी मॅन्युअलमधल्या एकूण क्षमतेच्या निम्मे शुद्ध कूलंट आधी ओतले आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरली. नुसते पाणी जास्त उष्णता वाहून नेते हे खरे आहे. अर्ध्या मिश्रणाची ही क्षमता दर किलोमागे सुमारे एक पंचमांशाने कमी असते. तरीही ॲल्युमिनियमला गंजापासून वाचवणारी द्रव्ये कूलंटमध्येच असतात आणि अर्धे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासही गोठत नाही, म्हणून मला हाच सौदा योग्य वाटतो.

सर्वांत जास्त वेळ हवा काढण्यात गेला. गाडीचे तोंड उंच करून तिला स्टँडवर नीट टेकवले, हवा बाहेर सोडणारा ब्लीड स्क्रू सैल केला, कूलंट बारीक धारेने ओतले आणि पंप थोडा थोडा वेळ चालू-बंद करत होज हाताने दाबत राहिलो. आत हवा होती तोवर पंपाचा आवाज घरघरता आणि चढा होता, आणि टाकीत येणारी धार मध्येच तुटून फेस होत होता. साधारण ४० मिनिटांनी स्क्रूमधून बुडबुड्यांशिवाय कूलंट आले, पंपाचा आवाज खाली येऊन एकसारखा झाला आणि टाकीतली धार सलग वाहू लागली. हा आवाज ऐकल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण अडकलेल्या हवेमुळे कूलंट फिरतच नाही आणि टाकी मात्र भरलेली दिसते.

दुसऱ्या दिवशी पातळी दोन बोटे खाली गेली होती, ती भरून घेतली. त्यानंतर ती स्थिर आहे. ती घटतच राहिली असती आणि बाहेर कुठेही ओल दिसली नसती, तर इंटरकूलर आतून गळत असल्याचा संशय घेऊन गाडी सुरूच केली नसती, कारण ते कूलंट थेट सिलिंडरमध्ये जाऊन इंजिन मोडू शकते. त्याच चढावर, तशाच उन्हात, गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान पूर्वी ७० अंशांच्या वर जात होते. या वेळी ते ५२ वर थांबले.