तुम्ही विचारलंत म्हणून : नव्या टॅबमधला कर्सर

ठाण्यातल्या नौपाड्यात माझा टायपिंगचा क्लास आहे. कळव्यापासून घोडबंदरपर्यंतची मुलं येतात, आणि दर बॅचमध्ये कुणी ना कुणी विचारतंच : "मॅडम, नवा टॅब उघडायला कंट्रोल-टी दाबलं की कर्सर वर ॲड्रेस बारमध्येच का जाऊन बसतो? खाली पानावरच्या चौकटीत नाही का आणता येत?" क्लास सुटायच्या घाईत मी अर्धंमुर्धं सांगते. आज नीट सांगते.

दहा बोटांनी टाइप करणाऱ्याची नजर कागदावर असते. कर्सर कुठे उभा आहे हे त्याला न बघता ठाऊक असावं लागतं. माझा एक विद्यार्थी वागळे इस्टेटमधल्या एका कुरिअर कंपनीत दिवसभर पावत्यांचे नंबर एकाच पानावर भरतो. नवा टॅब उघडला की तेच पान यावं, अशी सोय त्याने क्रोममध्ये एका एक्स्टेन्शनने, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमने, करून घेतली होती. पान यायचं, रिकामी चौकट दिसायची, हा कागदाकडे बघत नंबर टाकून एंटर मारायचा आणि मान वर केली की समोर सर्चचे निकाल! नंबर वरच्या पट्टीत गेलेला असायचा. एकदा एका ग्राहकाचा मोबाइल नंबरच असा शोधला गेला. सर्चच्या सूचना चालू असल्या, तर एंटर मारायच्या आधीच टाइप केलेलं सर्च इंजिनकडे पोचत असतं. पोरगा दोन दिवस अस्वस्थ होता, आणि ते योग्यच होतं. दुसऱ्याचा नंबर आपल्या हातात विश्वासाने आलेला असतो.

मराठीत काम करणाऱ्यांची आणखी एक अडचण. कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर, म्हणजे मराठीच्या मांडणीवर, राहिला असेल आणि तुम्ही सवयीने इंग्रजीत जीमेल टाइप केलंत, तर पट्टीत उमटतं 'ुसोगत'. सुरुवातीला नुसता लोंबता उकार. म्हणजे कर्सर कुठे आणि भाषा कोणती, दोन्हीचं भान हवं.

आता कारण. पानाला कर्सर स्वतःकडे ओढता येतो. त्यासाठी एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिच्यात, ऑटोफोकस नावाची सोय आहे. एखाद्या दुव्यावरून टॅब उघडलात तर पानाचं चालतंही. पण कंट्रोल-टीने उघडलेल्या टॅबची गोष्ट वेगळी. तिथे कुठे जायचं हे अजून तुम्ही सांगायचं असतं. तिथेही पानाला कर्सर ओढू दिला, तर तुम्ही वर पत्ता टाइप करतोय असं समजून जे काही लिहाल ते खालचं पान गोळा करील. म्हणूनच क्रोमच्या एक्स्टेन्शन बनवणाऱ्यांसाठीच्या माहितीत स्पष्ट बजावलं आहे की नव्या टॅबमध्ये फोकस (म्हणजे कर्सर) आधी ॲड्रेस बारलाच मिळतो, आपल्या पानाला मिळेल असं धरून चालू नका. फायरफॉक्समध्ये पूर्वी नव्या टॅबचं पान सेटिंगमधूनच बदलता यायचं. 2015 मध्ये, 41व्या आवृत्तीत, ती सोय काढली, कारण आगंतुक प्रोग्रॅम वापरणाऱ्याला न विचारता तिथे आपलं पान घुसवत होते. मला हे पटतं. दोन सेकंद वाचतात म्हणून दार उघडं टाकू नये.

तरीही हवंच असेल, तर फायरफॉक्ससाठी न्यू टॅब ओव्हरराइड नावाचं एक्स्टेन्शन आहे, त्यात ॲड्रेस बारऐवजी पानाला फोकस द्यायचा पर्याय मिळतो. पूर्वी मी क्लासमधल्या सगळ्याच संगणकांवर ते घालायच्या विचारात होते.

तो विचार बदलला एका मुलामुळे. त्याला दिसत नाही. तो एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरतो. कंट्रोल-टी दाबलं की कानात ॲड्रेस बारचं नाव येतं, की लगेच बोटं चालू. फोकस कुठे आहे अशी शंका आली तर इन्सर्ट-टॅब दाबून विचारून घेतो. मी त्याला माझा बेत सांगितला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, कर्सर कुठेही असू दे, पण रोज तिथेच असू दे." एका संगणकावर वर, दुसऱ्यावर खाली, असं झालं तर तो रोज पहिल्यापासून चाचपडणार. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यामुळे क्लासमधले संगणक मी जसेच्या तसे ठेवले. कर्सर वर असेल तर एफ-सिक्स एकदा-दोनदा दाबून खाली यायचं, पुन्हा वर जायला कंट्रोल-एल. पहिल्या आठवड्यात हे दोन्ही मी हाताखालून घालतेच, माऊस बाजूला काढून.

आणि कुरिअरवाल्याला नव्या टॅबची गरजच नव्हती! त्याचं ते एक्स्टेन्शन काढलं, नंबर भरायचं पान पहिला टॅब म्हणून पिन करून, म्हणजे कायमचं जागी अडकवून, दिलं. कुठूनही कंट्रोल-एक दाबलं की तो तिथे पोचतो, आणि कर्सर त्याने सोडला होता त्याच चौकटीत वाट बघत असतो. परवा तो फोनवर सांगत होता, आता शेजारच्या टेबलावरच्या काकांनाही त्याने तसंच करून दिलंय.